रोग त्यांचा, चालायचं मी

...आन् मी म्हणते, रोग त्यांचा, चालायचं मी, ही कुठली रीत? सांगा ना बायांनो, तुमीच सांगा. आमचे मालक रेल्वेत गँगमन होते, जन्मभर पिंगळी टेशनापासून रूळ तपासत गेले आन् आले, पायाची पार लाकडं झाली तवा कुठं पेन्शन बसली, आन् त्याच माणसाला परभणीचा डॉक्टर म्हणतो काय, तर "भुजंगराव, रोज फिरायला जात जा." का? तर इसरायलेत. चष्मा इसरले, जेवल्यालं इसरले, एकदा तर घर इसरून शेजारच्या ओसरीवर जाऊन बसले आन् तिथल्या सुनेला म्हणले, चहा ठिव. तिनं ठिवला की हो!

डॉक्टरनं आजाराचं नाव सांगितलं, अल्झायमर. म्हणलं, साहेब, एखांदी खमकी गोळी द्या. तर म्हणतो, "आजी, हा बरा होणारा आजार नाही. पण रोजचं चालणं, बिडी बंद, मीठ-साखर बेतानं, पेपर वाचायचा, माणसांत बोलायचं, एवढं केलंत तर सावकाश वाढेल, कदाचित." म्हणलं, कदाचित बिदाचित काय न्हाई, मी हाय ना. आन् एकटं सोडावं तर माणूस रुळाच्या कडंनं पार पूर्णेला पोचंल, म्हणून मग... रोग त्यांचा, चालायचं मी.

बिडीचं बंडल मी चुलीत घातलं. आता घंट्या-घंट्याला विचारतात, बिडी कुठाय? मी म्हणते, तुमी सोडली की. "आं? कधी?" कालच. मग सवताच्या निश्चयावर खूश होऊन बसतात. हाय का तुमच्या कुणाच्या नवऱ्याची बिडी इतकी सोपी सुटली?

पेपराची निराळीच गंमत. मागं जानेवारीत विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं, तो पेपर ह्यांनी उशाखाली ठिवलाय. रोज तोच काढतात, मोठ्यानं वाचतात, डोळे भरून येतात, आन् उठून समद्या गल्लीत साखर वाटतात. रोज! आमची सून सत्यशीला म्हणते, "आत्याबाई, डबा रिकामा झाला." म्हणलं, वाटू दे. सोळा वर्षं वाट बघितली माणसानं, लाठ्या खाल्ल्या, एका दिवसाच्या आनंदात भागंल का? फक्त ती मूठ त्यांच्या तोंडाकडं वळू देत न्हाई मी.

पण माझं दुखणं निराळंच हाय. डॉक्टरनं विचारलं, "भुजंगराव, बायकोचं नाव काय?" हे गप. मान खाली. डॉक्टरनं माझ्याकडं असं बघितलं जसं काय मीच आता ह्यांच्या डोक्यातून गेले. आता चाळीस वर्षांत या माणसानं माझं नाव घेतलंय का कधी? "ऐकलं का" आन् "कुठं मेलीस" यावरच संसार झाला. मग लाजून गप हायत का इसरलेत, कसं कळावं? तवापासून रोज चालताना म्हणते, घ्या की हो नाव, इथं बाभळीबिगर हाय कोण? तर म्हणतात, "गप चाल. लोक काय म्हणतील." टेशनं विचारा, धडाधड सांगतात, पूर्णा, मिरखेल, पिंगळी, परभणी... माझ्यापाशीच गाडी थांबंना.

परवा सांजच्याला फाटकापाशी आलो तर हे थांबले. माझ्याकडं बघितलं, अदबीनं मागं सरले, आन् म्हणतात कसे, "बाई, तुमी रोज सोबत येता, लय उपकार. पण आता मला जाऊ द्या. घरी सरजा वाट बघत असंल. तोंडाची फाटकी हाय, पण माझ्याबिगर घास घेत न्हाई."

सरजा... मीच की हो ती. विद्यापीठाला नाव लागायला सोळा वर्षं लागली, माझं ह्यांच्या तोंडी यायला चाळीस, आन् ते बी परक्या बाईपुढं! रडले, खोटं कशाला बोलू. मग पदरानं डोळे पुसले, म्हणलं, चला, सोडते तुमाला सरजापाशी.

"तुमचे मालक रागावतील, बाई."

म्हणलं, न्हाई रागावत. त्यांच्या ध्यानातच काय राहत न्हाई.

"अरारा," म्हणले, "मग त्यास्नी रोज फिरवत जा. आन् बिडी बंद करा त्यांची. मी बी कालच सोडली."

बघा आता. रोग त्यांचा, चालायचं मी, आन् सल्ला बी त्यांचाच.