आप्पांची चिलखती गाडी

बसा पावणं, त्या स्टुलावर बसा — गाडीला टेकू नका, आमच्या आप्पांची हाय. युसूफ वडगावाहून तुमच्या नेत्यानं हीच बघायला पाठवलं ना तुमाला? मग नीट बघा. हा रहमतुल्ला मिस्त्री ऊसाच्या ट्रॉल्या बनवतो, मान्य, पण चिलखती गाडी ह्या भागात पयली माझ्याच गॅरेजात बनली. फौजेत तरी काय झालतं? मोबाईलवर बघितलं मी — आधी साध्या मोटारीला जाड पत्रे ठोकले, मग वजनानं ती चिखलात बसली, मग चाकं वाढवली, मग पुढं जाऊन टेहळणी करायला हलकी गाडी वेगळी काढली. फौजेला जमाना लागला, आमी सगळं एका पावसाळ्यात केलं — म्हणजे चिखलात बसायचं तेवढं चकलांब्याच्या काळ्या रानात केलं, ट्रॅक्टरनं ओढून काढली.

आप्पांवर गोळी कोण झाडणार? कुणीच न्हाई. पण समोरच्या पार्टीवाल्याला सरकारनं बंदूकवाला पोलीस दिला आन् आप्पांना न्हाई म्हणलं — मग इज्जत कशी राहायची? म्हणून चिलखत. टेहळणीची जीप बी हाय, आप्पांचा पुतण्या अंगद चालवतो. दुश्मन न्हाई बघत तो, सभेला माणसं जमली का ते बघतो. कमी असली की आप्पा फाट्यावरूनच माघारी.

आतून कडी? आतून कडीच न्हाई. कावून म्हणजे — आप्पांनी जिंदगीत कधी स्वतःच्या हातानं दार उघडलंय का? कार्यकर्ता पळत येतो, दार उघडतो, पाया पडतो. मग आत कडी कुणासाठी लावू? डायव्हरच्या पाठीमागं बी पत्रा, डायव्हरवर भरोसा न्हाई. काचा खाली होत न्हाईत, फोनला रेंज येत न्हाई. एकदम पक्कं काम.

हां, आत माणूस हाय. आप्पाच हायेत. नमस्कार न्हाई करायले, काच ठोकायलेत. तुमी उगं हात जोडू नका, सकाळपासून अख्खी गल्ली हात जोडून जायली. बाहेरची कडी कुरकुरायली म्हणून दाखवायला आणलती — मी ओढली तर हातात आली. घाबरू नका, एसी चालू हाय, पाण्याच्या बाटल्या हायेत. फक्त निवडणुकीचा अर्ज भरायची मुदत आज तीनपर्यंत, आन् अर्ज आप्पांच्या खिशात. कार्यकर्ते? ते अंगदच्या जीपमधी तहसिलीवर गेलेत, समोरच्याची गर्दी बघायला. दार गॅसनं कापावं लागतं, टाकी संपली म्हणून बंकट डायव्हरला दुसरी आणायला पिटाळलंय.

ती कोपऱ्यातली? ती — ती भरलेलीच हाय. लई बारीक नजर हाय तुमची. आता काय लपवू — आप्पा निवडून आले की ही गॅरेजांची ओळ पाडून तिथं त्यांच्या वडलांच्या नावाची कमान उभी राहणार हाय. इथंच बसून, माझाच चहा पीत सांगितलं त्यांनी. माझ्या बी बापानं टाकलेलं दुकान हे, पावणं. जीव जळतो.

किती वाजले? तीन होऊन गेले? बघा, आप्पांनी बी काच ठोकायची सोडली, नुसतं घड्याळ बघायलेत. सरका, टाकी जोडतो आता. आन् तुमी निघा — ते बाहेर आले की इथं साक्षीदार नको मला.