सातव्या देशातली रांग

गाबेस या अरबी शहरातल्या एका बेकरीसमोर वाल्देसिर रांगेत उभा होता. छत्तीस वर्षांचा हा ब्राझिली बचावपटू आता सातव्या देशात खेळत होता. पुढचे दोन म्हातारे कालच्या अंतिम सामन्याच्या गप्पांत रंगले होते.

“हाजी, कप आपला! शेवटच्या मिनिटाला गोलरेषेवरून चेंडू काढला त्या ब्राझिल्यानं!”

“त्यालाच तू थकलेला उंट म्हणायचास ना, सालेम?”

“म्हणायचो. सहा देश फिरून आलेला, म्हटलं आपल्याला काय पुरणार!”

“आणि आता?”

“आता जातो म्हणाला, तर त्याच्या दारात आडवा पडेन.”

“नका पडू, काका,” वाल्देसिर त्यांच्याच अरबीत म्हणाला. “आज सकाळीच आणखी दोन वर्षांसाठी सही केलीय.”

सालेमनं वळून पाहिलं आणि रांगेवर ओरडला, “सरका रे! आपल्या माणसाला पुढं येऊ द्या!”