विसरायला शिकवणारं ठिगळ

…नाही, मला सांगा, विसरायला अक्कल लागते का? नाही ना? मग त्या गोदामवाल्या काकांच्या कॉम्प्युटरला ते का जमू नये!

तुम्हाला सांगतो, आमच्या कंपनीनं काकांसाठी बनवलेल्या वेबपेजवर त्यांच्या गोदामातली प्रत्येक पेटी असते आणि प्रत्येक पेटीची एक चिठ्ठी असते, पेटी गेली की चिठ्ठीही आपोआप विसरायची, बस! एकच काम हो, विसरायचं! नव्या ब्राउझरला हे जन्मजात येतं, पण काकांचा ब्राउझर माझ्या लग्नाच्याही आधीचा, आणि काका म्हणतात, "चालतंय ना? मग बदलायचं कशाला?" इकडे साहेब म्हणतात, "काकांकडे चाललं, की तुमची रजा मंजूर." रजा कशाला? मेहुण्याच्या लग्नाला! बायकोनं बॅगा भरून दाराशी ठेवलेल्या. "माझा एकुलता एक भाऊ आहे. तुम्ही आला नाहीत, तर मग बघाच!" आता बोला!

मग मी एक पॉलिफिल बसवलं. पॉलिफिल म्हणजे ठिगळ हो, जुन्याकडून नव्याचं काम करून घेणारं. मोठं हुशार! चिठ्ठी थेट पेटीलाच चिकटवतं… पेटी भंगारात, चिठ्ठीही भंगारात! पण आमच्या ऑफिसात एक महाशय आहेत, त्यांना आम्ही फ्रीज म्हणतो. का? तर कोडमध्ये दिसेल ती वस्तू गोठवून ठेवतात, या पेट्यासुद्धा! "उगाच कुणी हात लावायला नको, काय?" अहो, पण गोठवलेल्या पेटीला चिठ्ठी चिकटणार कशी? ठिगळानं बिचाऱ्यानं सगळ्या चिठ्ठ्या आपल्याच पिशवीत कोंबल्या, आणि प्रत्येक चिठ्ठी आपापली पेटी घट्ट धरून बसली! पेटी जाईना, चिठ्ठी जाईना, कॉम्प्युटरची मेमरी तुडुंब, आणि फोनवर काका, "अहो, हा नुसता धापा टाकतोय! मी चहा पिऊन येईपर्यंत बंद पडतो!" एकच काम होतं हो… विसरायचं!

फ्रीजला म्हटलं, दादा, तेवढ्या पेट्या वितळवा. "तत्त्वात बसत नाही." म्हटलं, ठीक, मग माझ्या बायकोला तुम्हीच सांगा! आणि नंबर फिरवला. तुम्हाला सांगतो, रिंग वाजायच्या आत वितळवल्या!

आणि चाललं! काकांचा कॉम्प्युटर सटासट विसरायला लागला! मी उड्या मारत साहेबांच्या केबिनमध्ये. "साहेब, झालं! निघू ना रजेवर?"

साहेबांनी चष्मा वर केला. "रजा? कसली रजा?"

…घ्या! म्हणजे साहेबांना हे ठिगळाशिवायच येतंय की!

लग्न छान झालं म्हणे. मी नव्हतो. आता बायकोला विसरायला शिकवायचंय… शोध शोध शोधलं हो, पण तसलं ठिगळ अजून कुणी लिहिलेलंच नाही.