चौदाव्या प्रश्नातली मावशी

...आणि वर मलाच म्हणतात, आतल्या गाठीची! मला! बसमध्ये माझा थांबा आला तरी 'जरा सरकता का' म्हणायला मी लाजते, मग पुढच्या थांब्यावर उतरते आणि गुपचूप मागे चालत येते. ती मी आतल्या गाठीची? अडतीस जणांनी माझी उत्तरं चोरली, त्यातलं एक चुकीचं निघालं, आणि आता अडतीसच्या अडतीस जण माझ्यावर रुसून बसलेत. चोरलेलं घड्याळ बंद निघालं म्हणून कुणी घरमालकाकडे तक्रार घेऊन जातं का? तुम्हीच सांगा.

थांबा, नीट सांगते. आमच्या शाळेतून वाचन स्पर्धेला चौघांचा संघ जातो. पाच पुस्तकं वाचायची आणि स्टेजवर चार खुर्च्या. पहिल्या खुर्चीवरच्याने माइकसमोर उभं राहून उतारा मोठ्याने वाचायचा, मधल्या दोघांनी तोंडी उत्तरं द्यायची, आणि चौथ्या खुर्चीवरच्याने उत्तर पाटीवर लिहून पाटी वर धरायची. बस्स. तोंड उघडायचंच नाही. तुम्हाला सांगते, ती चौथी खुर्ची माझ्या मापाने बेतलेली होती. तिच्यासाठी मी पाचही पुस्तकं तीन-तीनदा वाचली, जेवताना वाचली, आईने दोनदा माझ्या ताटातून पुस्तक बाजूला केलं... पण त्याआधी ऑनलाइन चाचणी. वीस प्रश्न, अर्धा तास, पहिले चार आत.

आणि चाचणी चालवायची कुणी? वाचनालयाचे सर म्हणाले, "तूच चालव. तू बोलत नाहीस, म्हणजे गडबड होणार नाही." प्रश्न रविवारी दहाला आपोआप उघडतील असे सरांनी लावून ठेवले होते, उत्तरं तपासणार कॉम्प्युटर, त्यामुळे मलाही चाचणी देता येणार होती. मी फक्त व्हिडिओवरून चाळीस जणांवर लक्ष ठेवायचं. सर स्वतः त्या दिवशी गावाला निघाले होते, म्हणून त्यांनी सूचनांचा कागद दिला. सगळ्यांचे कॅमेरे चालू. सगळ्यांचे माइक बंद, कुणालाही आपणहून उघडता येता कामा नयेत. चॅट बंद. रेकॉर्डिंग चालू. आणि सगळ्यात शेवटी, लाल शाईने: 'आवाज येतोय का, हे विचारून घेणे.'

आवाज येतोय का! तीन शब्द. तीन दिवस मी ते आरशासमोर म्हणत होते. आजोबांसमोर म्हणून पाहिले तर ते कानामागे हात धरून म्हणाले, "कुणाचा? मला तर काहीच येत नाही." आता आजोबांना दाराची बेलही ऐकू येत नाही, हे मला ठाऊक आहे हो, पण धीर खचायचा तो खचलाच.

रविवारी दहाला पाच मिनिटं कमी. कागदावरच्या सगळ्या गोष्टी क्रमाने केल्या. 'सगळ्यांना म्यूट करा' दाबलं, चॅट बंद केलं, मग डोळे मिटून विचारलं, आवाज येतोय का? कुणी बोललं नाही. पुन्हा विचारलं. चाळीस चेहरे माझ्याकडे बघतायत, एकाने नाक खाजवलं, बाकी ढिम्म. आता त्यांची तोंडं मीच बंद केली होती, ते बोलणार कुठून? पण हे त्या वेळी सुचेल तर ना! मला वाटलं, नाही येत आवाज. आणि खरं सांगू? इतकं हायसं वाटलं... आवाजच जात नाही म्हटल्यावर घाबरायचं कशाला? मी पाय वर घेऊन मस्त मांडी घातली.

आता एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. 'सगळ्यांना म्यूट' या सगळ्यांमध्ये जो बटण दाबतो तो येत नाही. मलाही ठाऊक नव्हतं. आणि दुसरी गोष्ट म्हणजे मी पुटपुटत वाचते. लहानपणापासून. प्रश्न पुटपुटते, चारही पर्याय पुटपुटते, मग 'ब... ब म्हणजे दीपगृह, हो, पान नव्वद' असं स्वतःला समजावते आणि मगच टिचकी मारते.

पोरं किती एकाग्र, तुम्हाला सांगते! सगळ्यांच्या माना एकाच बाजूला कललेल्या, कान स्क्रीनला लागलेले. मी मनात म्हटलं, बघा, उगाच म्हणतात की हल्लीच्या मुलांना वाचनाची आवड नाही. एकटी माझी बाकावरची मैत्रीण तेवढी दोन्ही हात हलवत होती. मग तिने वहीवर काहीतरी लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरली. पोस्टाच्या तिकिटाएवढा तो चौकोन, त्यात दिसणार काय? मी नोंद केली, 'संशयास्पद हालचाली.' माझी सख्खी मैत्रीण हो! शेवटी तिने कपाळावर हात मारला आणि स्वतःच्या फोनचा आवाज बंद करून पेपर सोडवायला लागली. हे सगळं मला नंतर कळलं.

चौदावा प्रश्न. पत्र कुणी लपवलं? मी पुटपुटले, "मावशीने. मावशीच ती, दुसरं कोण लपवणार?" टिचकी. पुढे गेले. वीसही झाले, पाच मिनिटं उरली, तेवढ्यात शिवणाच्या मशीनवरून उठून आई आली. तिला वाटलं, पोरगी सकाळपासून उपाशी आहे, म्हणून तिने माझ्या तोंडात अख्खं बिस्कीट कोंबलं. आणि ते बिस्कीट चावता चावता आठवलं की मावशी त्या दिवशी गावातच नव्हती. पत्र पोस्टमननेच लपवलं! तोंड भरलेलं, त्यामुळे पुटपुटता येईना. गप्प बसून उत्तर बदललं.

निकाल असा. मला वीस. अडतीस जणांना एकोणीस, आणि अडतीसही जणांच्या चौदाव्या प्रश्नात मावशी. माझ्या मैत्रिणीला सतरा. आणि एका मुलाच्या फोनचा स्पीकर महिनाभर बिघडलेला, त्याला अकरा.

सोमवारी वर्गात पाऊल टाकलं तर मॉनिटर माझ्या बाकावर बसलेली. "एकोणीस बरोबर सांगितलीस आणि एकच मुद्दाम चुकवलंस ना? दिसतेस गरीब, पण आहेस आतल्या गाठीची!" मागून कुणीतरी म्हणालं, "मावशी आली बघा." मी सांगणार होते की बिस्कीट होतं तोंडात. पण अडतीस जणांसमोर ते सांगायचं कसं?

मधल्या सुट्टीत सरांनी बोलावलं. मला वाटलं, संपलं. गेली खुर्ची. सरांनी पूर्ण रेकॉर्डिंग ऐकलं होतं. आईच्या मशीनसकट. 'सरांनी एकच प्रश्न दोनदा विचारलाय, झोपेत काढला वाटतं', हे माझं पुटपुटणंसुद्धा.

सर म्हणाले, "तू संघात आहेस. तुझी मैत्रीणही. आणि तो अकरावालाही, त्याचे अकरा तरी त्याचे स्वतःचे आहेत. उरलेल्या एका खुर्चीसाठी अडतीस जणांची पुन्हा चाचणी, कागदावर, माझ्यासमोर."

मी मान हलवली. मग सगळा धीर गोळा करून विचारलं, "सर, उरलेली ती खुर्ची... चौथी नाही ना?"

"चौथीच," सर म्हणाले. "तू पहिल्या खुर्चीवर."

"सर, मला मोठ्याने वाचता येत नाही."

"अगं, अडतीस जणांनी अर्धा तास जिवाचे कान करून तुझं वाचन ऐकलं. मी वीस वर्षं तास घेतोय, माझं असं कुणी कधी ऐकलेलं नाही."

शनिवारी स्पर्धा आहे. सभागृहात सहाशे खुर्च्या. उतारा पाठ झालाय, आणि सरांनी कागदही दिलाय. त्यावर शेवटी लाल शाईने तेच.

म्हणून तर तुम्हाला इथे बसवून एवढं सगळं सांगितलं, म्हटलं, सराव होईल. मधे तुम्ही कुणी काही बोलला नाहीत... आवाज येतोय का?