बोरी अरबची आवाजाची परीक्षा

बापाले पोरीच्या मार्कायची किती काळजी असते, हे मले नोकरी लागल्यावर समजलं.

मी तवा मोबाईलचा आवाज तपासायच्या गाडीवर होती. गाडीतला एक फोन ठरलेली वाक्यं बोले, दुसरा ऐके, आन् किती साफ ऐकू आलं त्याचे मशीन पाचापैकी मार्क दे. मार्क कमी आले तरच कंपनी गावाले दुसरा टॉवर देणार होती. आमच्या बोरी अरबले तो पाहिजेच होता. एकाच टॉवरवर सारं गाव बोले; व्यापाऱ्याले कापसाचा भाव इचारला, तर अर्धा भाव ऐकू ये आन् अर्धा हवेत जाय.

गाडी गावात घातली, तर मार्क साडेचार. मी चाटच पडली. बाबा इस्त्रीचा सदरा घालून पाराजवळ उभे.

"बाबा, आज आवाज इतका साफ कसा काय?"

"सकाळपासून साऱ्यायचे फोन बंद ठेवाले लावले. म्हटलं, पोरीची परीक्षा हाय, मधात कोणी बोलाचं नाही."

"परीक्षा माही नाही बाबा, टॉवरची हाय. आन् त्याले नापास करा लागते."

बाबा पारावर चढून वरडले, "लावा रे फोन साऱ्यायनं."

पारावर बसलेले लोकं शेजारच्यालेच फोन लावून बोलाले लागले. मशीन घसरत घसरत दीडावर आलं.

तवापासून बाबा बस स्टँडवर भेटन त्याले सांगत, "लोकायच्या पोरी परीक्षेत पास होतेत. माह्या पोरीनं टॉवर नापास केला."