पंप वारा ओढतोय!

...आणि वर नवरा म्हणतो कसा, "तू जरा धीर धर!" धीर धर? अहो, डोक्यावर शाम्पूचा हा एवढा डोंगर, दोन्ही डोळ्यांत फेस, उभी कुठं, तर कॅरॅव्हॅनच्या बाथरूममध्ये! बाथरूम कसली, कपाटच ते! कोपर हलवलं की साबण पडतो, साबण उचलायला वाकलं की दार उघडतं... आणि नळातून काय? फस्... फस्... फुर्र! संपलं! पंप मात्र खाली घर्र घर्र घर्र ओरडतोय, जसं काही सगळ्या गावाला पाणी पाजतोय!

आता हसू नका, पण तुम्हाला सांगते, मी तुमच्यासमोर सासूबाईंचं कौतुक करायला उभी राहिलेय. हो, मी! सासूचं! कौतुक!

खरं म्हणजे ही सुट्टी आमची दोघांचीच होती. भाड्याचं फिरतं घर, तळ्याकाठी मुक्काम, दोन खुर्च्या, दोन कप... ठरलं होतं सगळं! आणि निघायच्या आदल्या दिवशी नवरा म्हणतो, "अगं, आईपण येतेय." झालं! मोठा पलंग आईंना, आम्ही जेवणाच्या टेबलाचा पलंग करून त्यावर. आल्या आल्या त्यांनी माझे मसाल्याचे डबे हलवले. का? "गाडी वळली की पडतील." पडले असते का? माहीत नाही! हलवले ना पण!

तर मी आत, आंधळी. बाहेरचं फक्त ऐकू येतंय. नवरा फोनवर कुणाचा तरी व्हिडिओ लावून बसलाय आणि म्हणतोय, "फ्यूज गेला असणार." लगेच आईंचा आवाज, "अरे, फ्यूज गेला असता तर हा ओरडला असता का?" मग हा म्हणतो, "टाकी रिकामी असेल." "सकाळी भरली ना आपण? काटा बघ की!" काटा बघितला. भरलेली! मग हा एकदम म्हणाला, "जाऊ दे, वैताग आलाय, गाडी परत देऊन टाकू."

झालं, गेली हो माझी सुट्टी! फेसातच रडू आलं, आणि फेसात रडलं तर कळतही नाही कुणाला!

तेवढ्यात आई म्हणाल्या, "परत? पोरीनं वर्षभर वाट बघितलीय या सुट्टीची. मी मध्ये आले तरी तोंडातून शब्द काढला नाही तिनं. परत म्हणे!"

म्हणजे त्यांना सगळं कळत होतं? सगळं? करू नको का मी कौतुक?

आणि मग दाराच्या फटीतून एक हात आत! हातात त्यांची प्यायच्या पाण्याची बाटली. "डोळे धू आधी. पंप कुठं पळून जात नाही. आणि नळ बंद कर."

केला. पंप चालूच! घर्र घर्र!

"बघ," आई नवऱ्याला म्हणतायत, "नळ बंद केला की यानं थांबायला हवं. थांबत नाही. खाली कुठं ओलं आहे का? नाही ना? मग पाणी बाहेर जात नाहीये, वारा आत येतोय. पंप वारा ओढतोय! बटण बंद कर, जळेल कोरडा फिरून."

अहो, वरच्या मजल्यावर संसार केला त्यांनी, रोज पंप लावून पाणी चढवायचं! "याला अंघोळ घालता घालता शिकले," म्हणाल्या. "हाही असाच फेसात बसून किंचाळायचा."

मग, नवऱ्यानं नंतर सांगितलं, गुडघे दुखत असताना आई खाली वाकल्या. पंपाच्या अलीकडे गाळणीची छोटी पारदर्शक वाटी असते, तिच्यात बुडबुडे! "ही कुणी उघडली होती?" "मी... सकाळी... साफ केली," नवरा. आतली रबराची रिंग वाकडी बसवली होती यानं! आईंनी ती काढली, पुसली, ओली केली, सरळ बसवली, वाटी घट्ट फिरवली. "लाव बटण."

घर्र... घर्र... घुर्र... आणि गप्प! मी नळ सोडला आणि धो धो पाणी! तुम्हाला सांगते, एवढं सुंदर पाणी मी आयुष्यात बघितलं नव्हतं... म्हणजे डोक्यावरचा फेस पुन्हा डोळ्यांत, तेव्हाही दिसत नव्हतंच, पण अंगावर आलं!

बाहेर आले. डोळे लाल, केसांना टॉवेल. ठरवलं होतं, आज मनातलं बोलायचं. सरळ समोर गेले, त्यांचे काळे झालेले हात हातात घेतले आणि म्हटलं, "आई, तुम्ही होतात म्हणून..."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं, अगदी मायेनं, आणि म्हणाल्या, "शाम्पू फार घेतेस हो तू."

आता तुम्हीच सांगा, कौतुक तरी धड करू देते का ही बाई!