शेजारची रिकामी खुर्ची

दवाखान्याच्या बाकावर माझ्या शेजारी दोन म्हातारे मित्र नंबरची वाट बघत बसले होते.

“काय रे, नातीचं शाळेतलं नाटक कसं झालं?”

“मी कुठे गेलो! घरटी दोनच पास. मुलगा आणि सून जाणार म्हटल्यावर मी तोंड फुगवून बसलो.”

“चालायचंच.”

“अरे, सूनबाईला ऐनवेळी कामावरून सुटता आलं नाही. ‘बाबा, तुम्ही या’ म्हणायला मुलाने फोनवर फोन केले.”

“मग?”

“रागाच्या भरात मी उचललेच नाहीत. त्याच्या शेजारची खुर्ची शेवटपर्यंत रिकामी राहिली.”

“अरेरे! मग पोरीला म्हणायचं, घरी करून दाखव.”

“म्हटलं ना. म्हणाली, ‘आता संपलं ते, आजोबा.’”